आगंतुक फांदी : स्वरूप, मालकी व हंगाम

ज्या झाडाचे खोड एका मालकाच्या जमिनीत उभे असून ज्याची एखादी फांदी भिंतीवरून, तारेच्या कुंपणावरून अथवा कोकणातील गडग्यावरून, म्हणजे जांभा दगड एकावर एक रचून घातलेल्या कुंपणावरून, दुसऱ्या मालकाच्या जागेत उतरलेली असते, त्या झाडाच्या तेवढ्या भागास प्रस्तुत विवेचनात ‘आगंतुक फांदी’ असे म्हटले आहे. ती सिद्ध होण्यास झाड, हद्द आणि जेमतेम बोलाचाली असलेले दोन शेजारी अशा तीन गोष्टी लागतात, आणि त्यांपैकी तिसरी सर्वांत निर्णायक ठरते. कारण ज्यांचे संबंध उत्तम असतात त्यांना फांदी दिसतच नाही, ज्यांचे संबंध पुरते तुटलेले असतात ते फांदीची वाट न पाहता सांडपाण्यावरून भांडतात, आणि ज्यांना भांडायचे तर आहे, पण दिवाळीच्या फराळाची ताटे बंद होऊ द्यायची नाहीत, अशांनाच फांदी उपयोगी पडते.

या विषयाचा विचार सामान्यतः हद्दीपासून सुरू होतो आणि तेथेच चुकतो. मोजणीच्या नकाशात हद्द शाईने काढलेली असते, आणि त्या रेषेच्या अलीकडे जे आहे ते एकाचे व पलीकडे जे आहे ते दुसऱ्याचे, असे कायदा धरून चालतो. परंतु महाराष्ट्रातील कोणत्याही बंगल्यांच्या वसाहतीचे किंवा कोकणातील वाडीचे वर्षभर निरीक्षण केल्यास आगंतुक फांदीची मालकी रेषेने न ठरता महिन्याने ठरते, असे दिसून येते. या सिद्धान्तास पुढे ‘हंगामी स्वामित्व’ असे नाव दिले आहे, आणि न्यायशास्त्राच्या ग्रंथांत तो आढळत नसला तरी त्याचे पालन त्या ग्रंथांतील नियमांपेक्षा अधिक काटेकोरपणे होते.

या शाखेतील सर्वांत लोकप्रिय दाखला पारिजातकाचा होय. श्रीकृष्णाने इंद्राच्या नंदनवनातून आणलेले झाड सत्यभामेच्या अंगणात लावले आणि फुले मात्र रुक्मिणीच्या अंगणात पडू लागली, ही कथा महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे, आणि कीर्तनकारांनी तिच्यातून अहंकार व भक्ती यांविषयीचा बोध काढलेला आहे. तथापि तिच्याकडे मालमत्तेचा वाद म्हणून पाहिल्यास काही बाबी अनुत्तरित राहतात. झाडाला पाणी सत्यभामेकडून जात होते, खोडावरच्या किडीचा बंदोबस्त तिलाच करावा लागत असणार, आणि उत्पन्न मात्र शेजारी जात होते. परंतु फुलांबरोबर पानेही रुक्मिणीकडेच पडत असणार, आणि ती कोण झाडत होते याबाबत कथा मौन पाळते. जमिनीवर पडलेले फूल सहसा पूजेस घेऊ नये असा संकेत असून पारिजातकाचा त्यास अपवाद केला जातो, त्यामुळे रुक्मिणीस मिळालेल्या मालाच्या प्रतीबद्दलही शंका घेता येत नव्हती. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, झाड लावणारा गृहस्थ दोन्ही घरांचा होता आणि फांदी कोठे जाणार हे त्यास लावतानाच ठाऊक होते. आजच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांत झाड लावणारा बहुधा कोणत्याच घरचा नसतो. तो विकासक असतो, आणि इमारतीचा ताबा देऊन निघून गेलेला असतो.

पाश्चात्त्य कायदेपंडितांपाशी पारिजातक नसल्याने त्यांना हाच प्रश्न ओकच्या फळांवर आणि सफरचंदांवर सोडवावा लागला. इ. स. पू. पाचव्या शतकातील रोमच्या ‘बारा फलकां’त, म्हणजे नागरिकांस वाचता यावेत म्हणून चौकात लावलेल्या कायद्यांत, शेजाऱ्याच्या जमिनीवर सावली पाडणाऱ्या झाडाच्या फांद्या पंधरा फूट उंचीपर्यंत छाटण्याची तरतूद होती, आणि आपल्या झाडाचे फळ दुसऱ्याच्या जमिनीत पडल्यास ते वेचून आणण्याचा हक्क झाडाच्या मालकास होता. पुढे रोमन न्यायाधिकाऱ्यांनी या हक्कास मुदत घातली आणि मालकाने दर तिसऱ्या दिवशी जाऊन फळे वेचावीत, शेजाऱ्याने त्यास अडवू नये, असे ठरवले. या नियमावरून रोममध्ये गल्लीतील मुले नव्हती, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. कारण पाडाला आलेला, म्हणजे झाडावरच पिकू लागलेला रायवळ आंबा शेजारच्या अंगणात पडल्यावर तिसऱ्या दिवसापर्यंत मालकाची वाट पाहत राहिल्याचे उदाहरण महाराष्ट्रात सापडणे कठीण आहे.

जर्मन नागरी संहितेने, जी १९०० साली अमलात आली, नेमका उलट मार्ग धरला, आणि शेजारच्या जमिनीत पडलेले फळ त्या जमिनीचेच फळ मानावे असे सांगितले. मात्र फळ आपणहून पडले पाहिजे, फांदी हलवून पाडलेले चालणार नाही, असा खुलासा तेथील भाष्यकारांनी गंभीरपणे केला आहे, जणू काही वारा सुटलेला नसताना पडलेल्या फळाची चौकशी करणारा अधिकारी तेथे नेमलेला असावा. फ्रेंच संहितेतही आपोआप पडलेले फळ शेजाऱ्याचेच. पण त्या संहितेने फांदी आणि मूळ यांत भेद केला असून, हद्दीत आलेले मूळ शेजाऱ्याने स्वतः कापावे आणि फांदी मात्र मालकाकडून कापवून घ्यावी, अशी विभागणी केली आहे. इंग्लंडात हाउस ऑफ लॉर्ड्सने १८९४ मध्ये निर्णय दिला की, आगंतुक फांदी हद्दीपर्यंत कापण्यास शेजाऱ्याला पूर्वसूचना देण्याचीही गरज नाही, फक्त त्याने मालकाच्या जमिनीत पाऊल टाकू नये. आणि १९१९ च्या एका खटल्यात असेही ठरले की, अशा फांदीवरील सफरचंदे मात्र झाडाच्या मालकाचीच राहतात, ती तोडून विकल्यास भरपाई द्यावी लागते. म्हणजे इंग्रजी कायद्याने शेजाऱ्यास करवत दिली आणि टोपली काढून घेतली. ज्या देशात शेजाऱ्याशी मुख्यतः हवामानाविषयी बोलतात तेथे हे पेलत असेल.

हंगामी स्वामित्वाचा सिद्धान्त या सर्वांहून व्यवहार्य आहे, कारण त्यात फळ आणि पान यांचा वेगळा विचार केलेला आहे. पानगळीत, म्हणजे माघ-फाल्गुनात, जेव्हा देशी बदामाची तांबडी पाने अंगणभर पसरतात आणि झाडलोट करणाऱ्या बाई दोनदा केर काढण्यास नकार देतात, तेव्हा झाड संपूर्णपणे खोडाच्या मालकाचे असते, आणि ते त्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगितले जाते. आंब्यास मोहोर आल्यावर या भूमिकेत नरमाई येते. चैत्रात कैऱ्या लोंबू लागल्या की झाड ‘आपल्याकडचे’ होते, आणि कैरी ही फळ नसून भाजी आहे, सबब तिला फळाचे नियम लागू नाहीत, असा एक सूक्ष्म युक्तिवाद स्वयंपाकघरांतून मांडला जातो. याच महिन्यातील चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास खोडाच्या मालकिणीस आग्रहाने बोलावून तिच्याच झाडाच्या कैऱ्यांची आंब्याची डाळ, म्हणजे भिजवलेली हरभऱ्याची डाळ वाटून त्यात कैरीचा कीस घालून केलेला पदार्थ, आणि तिच्याच कैऱ्यांचे पन्हे तिला दिले जाते. ती आंबटपणावरून झाड ओळखते, यजमानीणबाईंनाही तिने ओळखल्याचे कळते, आणि दोघी मिळून डाळ यंदा छान जमल्याचे मान्य करतात. ज्येष्ठात पहिला वादळी पाऊस झाला की तीच फांदी एका रात्रीत ‘धोकादायक’ होते आणि झाड पुन्हा मूळ मालकाच्या नावावर चढते. वर्षातून दोनदा होणाऱ्या या फेरफाराची नोंद सातबाराच्या उताऱ्यावर कोठेही होत नाही, आणि तरीही त्यात कधी चूक झाल्याचे ऐकिवात नाही.

फुलांच्या बाबतीत हंगामाऐवजी वेळ पाहिली जाते. पहाटे साडेपाच ते साडेसहा या तासात रस्त्यावर आलेल्या फांदीवरील जास्वंद, तगर, कण्हेर व चाफा ही फुले देवाची असतात, आणि हातात प्लास्टिकची पिशवी व टोकाला आकडी, म्हणजे फांदी खाली ओढण्याचा हूक, बांधलेली काठी घेऊन निघालेले ज्येष्ठ नागरिक ही देवाची वसुली करीत असतात. ही फांदी हद्दीबाहेर असावी एवढीच अट असते, आणि ती नसल्यास आकडी ती अट पूर्ण करून घेते. मालकाने खिडकीतून हटकल्यास पूजेचा उल्लेख होतो. त्यावर मालकास, आपल्या घरातील देवांनाही फुले लागतात, हे सांगण्याचे धैर्य होत नाही, आणि तो खाली उतरून कुंपणाबाहेर राहिलेली दोन फुले स्वतःसाठी काढतो.

फांदी शेजारी का जाते, याचे वनस्पतिशास्त्रीय कारण मालकाच्या चारित्र्याशी संबंधित नसून प्रकाशाशी आहे. रोपाच्या ज्या बाजूस सावली असते त्या बाजूस ऑक्सिन हे वाढीचे संप्रेरक अधिक साठते, तेथील पेशी अधिक लांबतात आणि शेंडा उजेडाकडे झुकतो. यास प्रकाशानुवर्तन म्हणतात. मोठ्या झाडातही ज्या फांद्यांना ऊन मिळते त्याच जोमाने वाढतात आणि सावलीतल्या खुरटतात. परिणामी ज्या मालकाने आपला बैठा बंगला पाडून हद्दीपर्यंत चार मजले चढवले, त्याच्या झाडाला उजेडाची एकमेव बाजू शेजाऱ्याची उरते, आणि ते तिकडे जाते. म्हणजे शेजाऱ्याने ज्याची तक्रार करावयाची ती गोष्ट वस्तुतः त्याच्याकडील मोकळ्या अंगणाची स्तुती असते. ही बाब तक्रारदारास समजावून सांगण्याचे प्रयत्न यशस्वी झालेले नाहीत.

सर्व झाडे सारखीच घुसखोर नसतात. फणसाची फळे खोडावर आणि जुन्या जाड फांद्यांवर लागतात, त्यामुळे त्याची पाने शेजारी पडली तरी फळ सहसा स्वतःच्याच हद्दीत राहते, आणि कायद्याचा इतका मान राखणारे दुसरे झाड नाही. देशी बदामाची वाढ आडव्या मजल्यांनी होते, एका मजल्यावर दुसरा याप्रमाणे त्याच्या फांद्या चहूकडे पसरतात, आणि त्याची फळे वटवाघळे रात्री उचलून नेऊन तिसऱ्याच्याच गच्चीवर बिया टाकतात, त्यामुळे या झाडाच्या वादात पक्षकार वाढत जातात. शेवग्याचे लाकूड इतके ठिसूळ की त्याची फांदी कापण्याविषयीचा पत्रव्यवहार पूर्ण होण्याआधी ती मोडून पडते; त्याच्या खोडावर पावसाळ्यात केसाळ सुरवंटांचे घोळके बसतात, आणि ते हद्द ओलांडल्यावर त्यांची मालकी कोणीही सांगत नाही, जरी त्याच झाडाच्या शेंगांबद्दल आदल्या महिन्यात मतभेद झालेले असले. जांभळाचा वाद फक्त पांढरी मोटार असलेल्या घराशी होतो. नारळास फांद्याच नसतात, परंतु त्याची झावळी आणि नारळ ही उणीव भरून काढतात. नारळ शेजारच्या कौलावर पडल्यास मालक नारळाची चौकशी करण्यास येतो आणि शेजारी कौलाची भरपाई मागतो, व दोघेही एकमेकांच्या प्रश्नास उत्तर देण्याचे टाळतात. उंबर व पिंपळ यांची स्थिती याहून निराळी आहे, कारण ते कोणी लावलेले नसून पक्ष्यांच्या विष्ठेतून भिंतीच्या फटीतच उगवलेले असतात. ज्या भिंतीने हद्द ठरवावयाची तीच त्यांच्या मुळांनी दुभंगते, आणि उंबराखाली दत्ताचे वास्तव्य व पिंपळावर मुंजाचे असल्याने कोयता हाती घेण्याचा मान प्रत्येक जण दुसऱ्यास देऊ पाहतो.

भारतातील स्थिती पाहता, इंग्रजी कायद्याचे तत्त्व, म्हणजे आगंतुक फांदी आपल्या हद्दीपुरती कापण्याचा शेजाऱ्याचा हक्क, येथील न्यायालयांनीही मानलेले आहे. त्यावर खोडाचा मालक बहुधा असा बचाव मांडतो की, फांदी पंचवीस वर्षे तेथेच आहे. या बचावामागे १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाची अंधूक आठवण असते. सुविधाधिकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीचा विशिष्ट उपयोग करण्याचा हक्क, उदाहरणार्थ वहिवाटीची पायवाट, आणि तो वीस वर्षांच्या अखंड उपभोगाने मिळू शकतो. परंतु पायवाट वीस वर्षे जेथे होती तेथेच असते, आणि फांदी दर पावसाळ्यात पुढे सरकते; त्यामुळे फांदीला असा हक्क मिळत नाही. तरीही हा बचाव लोकप्रिय आहे, कारण त्यात झाड मुलीच्या बारशाला लावल्याचा उल्लेख करता येतो आणि ती मुलगी सध्या परदेशात असते.

या हक्काचा आनंद मात्र शहरात टिकत नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ याने झाड तोडण्यास परवानगी आवश्यक केली, आणि तोडणे या शब्दात जाळणे, कापणे व कोणत्याही प्रकारे इजा करणे यांचाही समावेश केला. त्यामुळे आपल्या हद्दीत आलेली फांदी कापण्याचा हक्क शेजाऱ्यास आहे, पण ती परवानगीविना कापण्याचा नाही, आणि परवानगीच्या अर्जासोबत झाडाच्या मालकाची संमती जोडता आल्यास बरे, असे त्यास खिडकीवर सांगण्यात येते. संमती मिळत असती तर अर्जाची वेळ आली नसती, हे तेथे बोलून उपयोग नसतो. याच अधिनियमानुसार दर पाच वर्षांनी झाडांची गणना करावयाची असते, आणि गणना खोडाची होत असल्याने, ज्याच्या अंगणात वर्षभर सावली, पाने, कावळे व कैऱ्या यांचा मुक्काम आहे, त्याच्या नावे शून्य झाडे नोंदली जातात.

२०२१ च्या सुधारणेने पन्नास वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडास ‘हेरिटेज वृक्ष’, म्हणजे वारसा म्हणून जपावयाचे झाड, असा दर्जा दिला, आणि असे झाड तोडावे लागल्यास त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे बंधन घातले. हे धोरण योग्यच आहे, परंतु त्याचे दोन परिणाम लक्षात घेण्याजोगे आहेत. साठ वर्षांच्या एका झाडाची आगंतुक फांदी सहन न झालेल्या शेजाऱ्याच्या आग्रहावरून ते झाड गेलेच, तर त्याच्या जागी कोठेतरी साठ झाडे उभी राहतात, आणि त्या प्रत्येकास कालांतराने फांद्या व शेजारी लाभतात. दुसरे असे की, ज्या वयात झाड वारसा ठरते त्याच वयात त्याच्या शेजारची इमारत ‘धोकादायक’ ठरून पुनर्विकासास जाते. एकाच आवारात, एकाच वर्षी जन्मलेल्या या दोघांपैकी एकास मानाचा फलक आणि दुसऱ्यास रिकामे करण्याची नोटीस लागते, आणि त्याच वयाचे रहिवासी आपली गणना कोठे होते याचा अंदाज घेत खाली उभे असतात.

परवानगी मिळालीच, तर छाटणीचे काम ज्याच्या हाती पडते त्या कामगाराची सौंदर्यदृष्टी सर्वांवर मात करते. वृक्षशास्त्राप्रमाणे जाड फांदी तीन कापांत काढावयाची असते : प्रथम खोडापासून काही अंतरावर खालून अर्धवट काप, मग त्याच्या थोडे पुढे वरून पूर्ण काप, जेणेकरून फांदी पडताना साल ओरबाडून निघत नाही, आणि शेवटी उरलेला खुंट खोडालगतच्या फुगीर कड्यापाशी, त्या कड्याला धक्का न लावता काढणे. झाडाची जखम माणसाच्या जखमेप्रमाणे भरून येत नाही, ते आतून भिंत घालून तो भाग बंद करते, असे अमेरिकी वृक्षतज्ज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी दाखवून दिले, आणि त्या भिंतीचे काम नीट व्हावे म्हणून काप योग्य जागी असावा लागतो. दोर व कोयता घेऊन वर चढलेल्या कामगारास मात्र, हात पोहोचतो तेथे काप घेणे हे एकच शास्त्र मान्य असते. खाली उभा असलेला शेजारी ‘अजून थोडी’ म्हणतो, मालक ‘बास’ म्हणतो, आणि रोजंदारी जो देणार आहे त्याचे ऐकले जाते. एकाच बाजूने कापलेले झाड पुढे दुसऱ्या बाजूस कलते, आणि बोथट कापलेल्या खुंटावर वर्षाच्या आत सुप्त डोळ्यांतून डझनभर कोवळे फुटवे येतात. ते मूळ फांदीपेक्षा दाट व जोडाशी कमकुवत असतात, आणि त्यांना कोणत्या बाजूस जायचे याविषयी शंका नसते.

येथपर्यंत फांदीवर हक्क सांगणारे दोघे असतात. ती खाली पडताच एकही उरत नाही. इंग्रजी न्यायाने कापलेली फांदी झाडाच्या मालकाची, तिने अडवलेली जागा शेजाऱ्याची, आणि बहुधा ती पडते रस्त्यावर, जो दोघांचाही नाही. मालक म्हणतो, ज्याने कापवली त्याने उचलावी, शेजारी म्हणतो, ज्याचे झाड त्याने न्यावी, आणि उत्तम जळाऊ लाकडाचा हा ढीग, ज्याच्या हिरव्या अवस्थेसाठी चार पत्रे व एक बैठक खर्ची पडली, आठवडाभर दोन्ही फाटकांच्या बरोबर मध्ये वाळत पडतो. महाराष्ट्रात अशा बेवारस लाकडाची जबाबदारी परंपरेने गल्लीतील मुले फाल्गुन पौर्णिमेच्या आदल्या रात्री घेतात, त्यासाठी ती कोणाचीही संमती मागत नाहीत, आणि त्यांच्याविरुद्ध त्या रात्री कोणी तक्रारही करीत नाही. परंतु छाटणीची परवानगी बहुधा मे महिन्यात येते.